कंपाउंडरीणबाईंचा फोन

त्या गल्लीत दोन डॉक्टर होते. एक माणसं तपासणारा, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बसायचा. दुसरा मोबाइल दुरुस्त करायचा, आणि खरं सांगायचं तर गर्दी दुसऱ्याकडेच जास्त. माणूस ताप अंगावर काढतो, पण फोन बंद पडला की त्याला तासभर दम निघत नाही. त्यामुळे हा दुसराच गल्लीत नुसता ‘डॉक्टर’ झाला आणि खऱ्या डॉक्टरला लोक ‘कोपऱ्यावरचे’ म्हणू लागले. कोपऱ्यावरच्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही, कारण त्यांचाही फोन अधूनमधून बिघडायचाच.

डॉक्टरची विद्या वडिलांकडून आलेली. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर आले, तेही गेले, मग मोबाइल आले आणि ठाण मांडून बसले. दुकान मात्र तेच राहिलं. एक टेबल, भिंग लावलेला दिवा, हिरवी रबरी मॅट, मागे एक फळी आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, ज्याचा एक पाय कागदाची घडी घालून बरोबर केलेला. डॉक्टरच्या हाताला यश होतं. तोंडाला मात्र कायमचं कुलूप. गिऱ्हाइकाने विचारलं, ‘काय झालंय?’ तर हा म्हणणार, ‘बघतो.’ ‘कधी मिळेल?’ ‘बघतो.’ ‘मिळेल ना पण?’ यावर तो मान खाली घालून स्क्रू काढायला लागायचा. अशा ‘बघतो’वर काही दुकान चालत नाही. ते चाललं ते बायकोमुळे.

लग्नानंतर ती दुपारी डबा द्यायला यायची. एकदा ती आली तेव्हा एक गिऱ्हाईक ‘बघतो’ ऐकून पायरी उतरत होतं. तिने त्याला परत बोलावलं, स्टुलावर बसवलं, फोन कुठे पडला, कसा पडला, पडला तेव्हा घरात कोणाचं कोणाशी वाजलं होतं, इथपर्यंत सगळं काढून घेतलं आणि उद्या संध्याकाळी या म्हणून ठणकावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली ती परत गेलीच नाही. लोक तिला कंपाउंडरीणबाई म्हणू लागले. डॉक्टर मुका आणि कंपाउंडर बोलकी, असा तो दवाखाना होता, आणि तो छान चालला.

तिची एक पद्धत होती. लिहायचा तिला भयंकर कंटाळा. गिऱ्हाईक पायरी उतरलं, की ती आपल्या फोनवर रेकॉर्डिंग सुरू करायची आणि बोलायची. ‘अहो, ऐका. निळं कव्हर, कोपरा फुटलेला. बाई म्हणतात आपोआप बंद पडला. आपोआप काही होत नाही, नातवाने बादलीत बुडवलाय, पोराच्या तोंडावर दिसत होतं. आधी ओल बघा.’ मग तिचा फोन टेबलावर, भिंगाच्या दिव्याशेजारी. डॉक्टर कामाला बसला की एकेक लावून ऐकायचा. ती दोन हातांवर बसलेली असायची, पण तोंड नव्या गिऱ्हाइकात गुंतलेलं, म्हणून त्याच्या वाटणीला तिचा हा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. त्यात फोनचा बिघाड थोडा आणि फोनवाल्याचा बिघाड जास्त. डॉक्टर काम करता करता एकटाच हसायचा. जुनी रेकॉर्डिंग ती पुसू द्यायची नाही. ‘तोच फोन फिरून येतो,’ म्हणायची, ‘तेव्हा शोधत बसाल.’ डॉक्टरचा स्वतःचा फोन म्हणजे प्रयोगाचं जनावर. नवीन काही आलं की आधी त्याच्यावर चढवून बघायचा, त्यामुळे त्याच्यात कालचं आज काही उरायचं नाही. जे काही होतं ते तिच्या फोनमध्ये.

मग एका सकाळी चहा ओतता ओतता तिचा उजवा हात खाली आला आणि चहा ओट्यावरून जमिनीवर गेला. तो म्हणाला, ‘अगं, काय करतेस?’ तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तर आलं नाही. डोक्यात रक्ताची गुठळी झाली होती. हॉस्पिटलात कागद भरताना नर्सने विचारलं, ‘तुम्ही काय करता?’ बरोबर आलेला शेजारी सवयीने म्हणाला, ‘ते डॉक्टर आहेत.’ त्यावर नर्स डॉक्टरला मोठमोठ्या शब्दांत सगळं समजावून सांगायला लागली आणि हा मान डोलवत राहिला. काही कळलं नाही, विचारलंही नाही.

ती वाचली. पाय हळूहळू टेकवू लागली, हातही थोडा उचलू लागली. वाचा मात्र परतली नाही. सगळं समजायचं तिला. ओठ हलायचे, जीभ जागा शोधायची आणि नुसती हवा बाहेर यायची. काही दिवसांनी तिने ओठ हलवणंही सोडून दिलं.

डॉक्टर या सगळ्यात एकदाही रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. कसला धीर आणि कसलं काय. त्याला काही वाटतच नव्हतं. दात काढण्याआधी हिरडीत सुई देतात, मग आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळ्या अंगाचं झालं होतं. भाजीत मीठ पडलं नसेल तर तो तशीच खायचा. तिची मोठी बहीण राहायला आली होती, तिला घरात सगळे मोठीच म्हणायचे. ती विचारायची, ‘भाऊजी, अळणी झालीय का हो?’ हा म्हणायचा, ‘ठीक आहे.’ सकाळी बायकोची वेणी घालायला मोठीला मदत करायचा, दुकान उघडायचा, ‘बघतो’ म्हणायचा, बंद करायचा. गिऱ्हाइकं कमी झाली. तेही त्याला फारसं जाणवलं नाही.

बोलायला शिकवायला एक बाई घरी येऊ लागल्या. तरुण होत्या, पण धीमेपणाने काम करायच्या. एकदा त्यांनी विचारलं, ‘यांच्या स्वतःच्या आवाजातलं काही आहे का तुमच्याकडे? आपलाच आवाज ऐकला, त्यामागोमाग म्हणायचा प्रयत्न केला, तर कधी कधी वाट सापडते.’

‘आहे,’ डॉक्टर म्हणाला. ‘बघतो.’

बाई गेल्यावर मोठी कळवळून म्हणाली, ‘कशाला हो भाऊजी? किती बोलायची ती. आता तेच तिला ऐकवायचं? जखमेवर मीठ कशाला चोळता?’ डॉक्टरला ते पटलं. खरं म्हणजे सोयीचं वाटलं. मीठ कोणाच्या जखमेवर पडणार होतं ते त्याला आतून ठाऊक होतं. तो आवाज ऐकायची त्याचीच छाती नव्हती. सुई दिलेल्या गालाला एक बरं असतं, दुखत नाही. तो फोन घरातल्या कपाटात पडून राहिला.

बाई दर वेळी विचारायच्या, हा ‘बघतो’ म्हणायचा. शेवटी त्या दाराशी चप्पल घालता घालता म्हणाल्या, ‘हे बघा, मी आग्रह करत नाही. पण यात जे काही परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांत जास्त येतं. नंतर फार कठीण होतं. उद्या मी येईन तेव्हा मला द्याल का?’ तेव्हा कुठे डॉक्टरने कपाट उघडलं आणि फोन शर्टाच्या खिशात टाकला. दुकानात नेऊन सगळी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरवायची आणि बाईंच्या हवाली करायची. ऐकायची गरज नव्हती.

दुकान उघडून फोन चार्जिंगला लावतोय तोच शाळेच्या बसचा ड्रायव्हर पायरी चढून आला आणि त्याने टेबलावर आपला फोन ठेवला, तोही पालथा.

‘मेला,’ तो म्हणाला.

‘काय केलं?’

‘मी नाही केलं. भाच्याने केलं. म्हणाला मामा, तुझा फोन गोगलगाईसारखा चालतो, नवीन सॉफ्टवेअर टाकून देतो. टाकलं. तेव्हापासून बटण दाबा, चार्जर लावा, काही नाही. उद्या सकाळी पोरांच्या आयांचे फोन सुरू होतील, आज येणार नाही, उशिरा येणार, दुसऱ्या दारातून घ्या. मी काय करू?’

डॉक्टरने फोन उलटा करून पाहिला आणि ओळखला. कंपाउंडरीणबाईंनी स्वतःसाठी घेतला होता तेच मॉडेल, तोच काळा रंग. स्वतःला आवडला म्हणून तिने ड्रायव्हरच्याही गळ्यात मारला होता, आणि वर म्हणाली होती, ‘बंद पडला तर आम्ही कशाला बसलोय?’ ड्रायव्हरलाही ते आठवत असणार, कारण तो इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, ‘वहिनी कशा आहेत?’

‘आहे,’ डॉक्टर म्हणाला. ‘संध्याकाळी या.’

त्याच्या तोंडून गिऱ्हाइकाला ‘बघतो’च्या जागी वायदा मिळाला, अशी ही पहिलीच वेळ असेल. वायदा तिने केलेला, हा नुसता पाळत होता.

आता फोन असा ठार मेला की लोकांना वाटतं संपलं. तसं नसतं. वरचं सगळं सॉफ्टवेअर बिघडलं तरी चिपच्या तळाशी कारखान्यात कोरलेला एक बारकासा प्रोग्राम असतो, तो भाच्याला काय, कोणाच्या बापालाही पुसता येत नाही. पाठ उघडायची, बोर्डावरचे दोन ठरावीक ठिपके चिमट्याने एकमेकांना टेकवायचे आणि तसेच धरून केबल लावायची. पडदा काळाच राहतो, पण कॉम्प्युटरला फोन दिसू लागतो. मग योग्य फाइल हातात असली की ती आत लिहायची आणि फोन उठून बसतो. अडचण फाइलची होती. मॉडेल जुनं, कंपनीने फाइल देणं बंद केलेलं, आणि इंटरनेटवरच्या फायलींनी काय होतं ते भाच्याने दाखवलेलंच होतं. दुसऱ्या गावातल्या एका दोस्ताकडे या फायलींचा साठा होता. त्याला डॉक्टरने फोन केला. तो म्हणाला, ‘आहे कुठेतरी. शोधून उद्या पाठवतो.’

उद्या चालणार नव्हतं. आणि त्याच वेळी डॉक्टरची नजर चार्जिंगला लावलेल्या फोनवर गेली. फाइल नसली की धंद्यातली माणसं एक करतात. त्याच मॉडेलचा धडधाकट फोन घेतात, याच रीतीने त्याची सगळीच्या सगळी मेमरी कॉम्प्युटरवर वाचून घेतात आणि त्यातला हवा तेवढा भाग मेलेल्या फोनवर लिहितात. तिचा फोन पूर्ण वाचून घेतला, की ड्रायव्हरचं काम झालं आणि सगळी रेकॉर्डिंगही आपोआप कॉम्प्युटरवर उतरली. एकही न वाजवता. एका दगडात दोन पक्षी. डॉक्टरला त्यात काही गैर दिसलं नाही, उलट बरं वाटल्यासारखं झालं.

त्याने तिचा फोन चालू होतोय ना तेवढं पाहिलं. पडदा उजळला, तसा लगेच बंद करून पालथा घातला. दोन्ही फोनच्या पाठी काढल्या आणि मॅटवर शेजारी शेजारी ठेवले, तिचा डावीकडे, ड्रायव्हरचा उजवीकडे. पाठ काढलेले एका मॉडेलचे दोन फोन म्हणजे जुळी भावंडं. ती दुकानात असती तर एकाच्या बोर्डावर आधी रंगीत चिकटपट्टी लावली असती. नेहमी तीच लावायची, आणि ती लावते म्हणून डॉक्टरला असल्या गोष्टी ध्यानात ठेवायची सवय उरली नव्हती.

तेवढ्यात एक आजोबा चार्जर मागायला आले. चार्जर दाखवायला टेबल लागत होतं, म्हणून डॉक्टरने मॅट फोनांसकट उचलली आणि मागच्या फळीवर ठेवली. आजोबांनी तीन चार्जर नापसंत करून पहिलाच घेतला. डॉक्टरने मॅट परत आणून टेबलावर ठेवली. उचलताना ती एका बाजूने उचलली होती, ठेवताना दुसऱ्या बाजूने ठेवली.

मग त्याने चिमटा घेतला. डावीकडचा फोन जोडला, वाचायला लावला. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तो तिच्याकडे बघत बसला. पट्टी भरली. उजवीकडचा फोन जोडला. इथे हवा तेवढाच भाग निवडायला हवा होता, पण भाच्याने आत काय काय बिघडवलंय कोण जाणे, म्हणून त्याने सगळंच लिहायला लावलं. ड्रायव्हरच्या फोनमधलं जाईल, नंबर सिमवर आहेतच, असा त्याने हिशोब केला. अळणी भाजी खाणाऱ्या माणसाचा हिशोब. ‘नक्की ना?’ असं कॉम्प्युटरने विचारलं. त्याने हो म्हटलं.

लिहून झालं. त्याने बटण दाबून धरलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग सहज डावीकडच्याचं बटण दाबलं, कारण तो तर चालू व्हायलाच हवा होता. काही नाही.

दोन काळे पडदे होते. त्याने उजवीकडच्याचं सिम काढून बघितलं. तिचं होतं.

तरीही त्याने वाचून घेतलेली फाइल उघडली. तीत फोटो होते. बसच्या सीटवर बसलेली, जीभ काढलेली, दप्तरावर डोकं टेकून झोपलेली पोरं. ड्रायव्हरने प्रत्येकाला कुठल्या थांब्यावर उतरवायचं ते ध्यानात राहावं म्हणून काढलेले असतील. डॉक्टरने ते सगळे शेवटपर्यंत पाहिले. खोडलेलं परत आणता येतं, ते त्याने कित्येकांना आणून दिलं होतं. वर दुसरं लिहिलेलं परत येत नाही. हे त्याला कोणी सांगायला नको होतं. हातपाय गार पडायला हवे होते, पण पडले नाहीत. त्याने मॅट पुसली आणि चिमटा त्याच्या जागी ठेवला.

दुपारी दोस्ताची फाइल आली. सोबत निरोप, ‘लगेच सापडली बघ.’

डॉक्टरने ड्रायव्हरच्या फोनवर फक्त बिघडलेला भाग लिहिला. फोन उठला. नंबर, निरोप, पोरांचे फोटो, सगळं जागच्या जागी. संध्याकाळी ड्रायव्हर आला, फोन हातात घेऊन वरखाली करून बघितला आणि त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, ‘वहिनींचा शब्द राखलात बुवा. त्यांना सांगा.’ डॉक्टर ‘हं’ म्हणाला. तीच फाइल त्याने तिच्याही फोनवर लिहिली. तोही उठला, कोरा करकरीत, पेटीतून नुकताच काढल्यासारखा.

घरी आला तेव्हा मोठी स्वयंपाकघरात होती. बायको खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसली होती, हातात चेंडू. हाताला व्यायाम म्हणून दिलेला. डॉक्टर पलंगाच्या कडेला बसला. वाटेत त्याने ठरवलं होतं की बाईंना सांगू, रेकॉर्डिंग सापडली नाहीत. मोठीला तर तेच हवं होतं. कोणी विचारलं नसतं. पण समोर बसल्यावर त्याला ते जमेना.

‘ऐक,’ तो म्हणाला. ‘तुझा फोन मी दुकानात नेला होता. बसवाल्याचा दुरुस्त करायला. दोन्ही उघडे ठेवले आणि माझी उलटापालट झाली. त्याचा तुझ्यावर लिहिला गेला. तू बोललेलं सगळं गेलं. एकही उरलं नाही.’

ती त्याच्याकडे बघत राहिली. चेंडू हातातच होता.

‘परत येत नाही ते. मी बघितलं. त्या बाई मागत होत्या तुझा आवाज, तुला शिकवायला. मीच देत नव्हतो. मोठी म्हणाली तुला त्रास होईल. मलाही वाटलं.’ एवढं बोलून तो थांबला. कित्येक महिन्यांत तो एका दमात एवढं बोलला नव्हता. मग त्याच्या एकदम ध्यानात आलं, की बाईंनी त्याला विचारलं, मोठीने त्याला सांगितलं, त्याने मनाशी ठरवलं. जिचा आवाज, तिला कोणी विचारलंच नव्हतं. आणि मान हलवून हो-नाही तिला चांगलं सांगता येत होतं.

‘तुला ऐकायचं होतं का?’

तिने मान हलवली. हो.

‘मग बोलायचं नाहीस का तसं?’ तो बोलून गेला.

 मोठी स्वयंपाकघराच्या दारात आली, हात पिठाचे, आणि तिथेच उभी राहिली. डॉक्टरला आपलं तोंड कुठे लपवावं कळेना. छातीत काहीतरी इतकं जोरात दुखलं की आपल्यालाही काही झालं की काय असं त्याला वाटलं. कित्येक महिन्यांनी दुखलं होतं. सुईचा अंमल उतरला की आधी ठणकाच लागतो.

तिच्या हातातून चेंडू सुटून पलंगाखाली गेला. तिचा चेहरा आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने वाकडा झाला. दुखणं आल्यापासून ती रडली नव्हती, ना हॉस्पिटलात, ना घरी. आता ती रडायला लागली. आणि नुसती हवा नव्हती ती. आवाज होता. भसाडा, मध्येच चिरकणारा, पण तिचाच, त्याने कुठेही ओळखला असता असा.

मोठी धावत आली आणि तिला जवळ घेऊन म्हणू लागली, ‘उगी, उगी बाई.’ डॉक्टरने मोठीच्या दंडाला धरून तिला बाजूला केलं. बायकोच्या अगदी तोंडाशी कान नेऊन तो बसून राहिला. त्याचेही डोळे वाहत होते. तो तिला गप्प हो म्हणाला नाही.